गावातलं नागरिकशास्त्र

नागरिकशास्त्र म्हणजे आपल्याकडे इतिहासाच्या पुस्तकाला जोडलेलं शेपूट. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं ते शाळेबाहेर शिकून घेतलं. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना ठाऊक. तिच्यामागच्या अभ्यास गटाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. गावचे नेते देवाजी तोफा, त्यांचे सहकारी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी एकत्र बसून प्रश्न समजून घेत, वाद घालत. मग ग्रामसभेत निर्णय होई, तोही सर्वसहमतीनं. बहुमत तिथं पुरत नाही! २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळूनही बांबूच्या वाहतूक परवान्यावर अडलं, तेव्हा हे गाव गप्प बसलं नाही. एप्रिल २०११ मध्ये परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. या कायद्याचं कलम ३ हक्क देतं, कलम ५ जंगल राखण्याची जबाबदारी; आपल्याला बहुधा पहिलंच आठवतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनंही पुढे मेंढा-लेखाचाच रस्ता धरला. तेव्हा शिक्षकहो, नववी-दहावीच्या मुलांना एकदा तरी ग्रामसभेत नेऊन बसवा. प्रश्नपत्रिका नंतर काढा.