मोबाइलच्या फोटोत कीड दिसते केव्हा, लपते केव्हा?



आज एक माझीच चूक सांगून सुरुवात करतो. तुमच्या चुका दर आठवड्याला सांगतो, तेव्हा आपलीही एखादी सांगावी हे बरे.

मागच्या हंगामातली गोष्ट. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला मोबाइलवर मिरचीचे दोन फोटो आले. पाठवणारे आमच्या ओळखीचे तात्या. पाठोपाठ फोन आलाच. "साहेब, मिरचीवर बोकड्या पडलाय. सकाळी पंप खांद्याला लावतो. काय मारू ते सांगा." मी फोटो पाहिले. शेंड्याची पाने वळलेली दिसत होती. बोटांनी फोटो मोठा करून पाहिला, तर सगळे ओल्या फडक्याने पुसल्यासारखे. पण तात्यांना घाई, आणि मला अनुभवाची गुर्मी. त्या भागात फुलकिड्यांचा उपद्रव चालू होताच. म्हटले, फुलकिडेच असणार. औषध सांगून मोकळा झालो.

आठ दिवसांनी तात्यांच्या सूनबाईंचा फोन आला. "साहेब, दोन फवारे झाले. झाड काही हसत नाही. आणि एक सांगू का, पाने वर नाही वळलेली, खाली वळलीत. देठही लांबलेत." ते ऐकले आणि मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन रानात गेलो. कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला पिवळसर, काचेसारखे बारीक कण चालत होते. तो कोळी होता.

मिरचीची पाने वळायची मुख्य कारणे तीन. फुलकिड्यांनी रस शोषला की पानाच्या कडा वर वळतात, पान होडीसारखे दिसते. कोळी लागला की कडा खाली वळतात, म्हणजे होडी पालथी घातल्यासारखी, आणि पानाचा देठ लांबतो. तिसरे कारण पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यात पाने आखडतात, शिरा फुगीर दिसतात, झाड खुजे राहते. तिन्हींना आपण 'बोकड्या' हे एकच नाव देतो, पण उपाय वेगळे. कोळी हा मुळी कीटकच नव्हे. त्याला आठ पाय असतात, तो कोळ्याच्याच कुळातला. फुलकिड्यांवरची पुष्कळशी औषधे त्याला लागू पडत नाहीत. उलट काही औषधांनी कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी आणखी माजतो. तात्यांचे दोन फवाऱ्यांचे पैसे गेले, मजुरी गेली, आणि पहिल्या तोड्याची फुले गळाली. दोष माझा. पुसट फोटोवर निदान करायलाच नको होते.

तेव्हापासून मी ठरवले की हा खिशातला कॅमेरा नीट समजून घ्यायचा. आता घरोघरी तो आहे. सन २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून शेतकरी स्वतः पिकाचे फोटो काढू लागला. केंद्र सरकारने २०२४ साली कीड ओळखण्यासाठीही मोबाइलवरची व्यवस्था सुरू केली. यंत्राने ओळखा की माणसाने, फोटो आंधळा असेल तर उत्तरही आंधळेच येणार.

पान हलते तेव्हा काय होते?

कॅमेऱ्याला उजेड प्यायला वेळ लागतो. कडक उन्हात त्याचे एका सेकंदाच्या हजाराव्या भागात भागते. संध्याकाळी, ढगाळ दिवशी किंवा गोठ्यात तेवढ्यात भागत नाही. मग तो सेकंदाचा विसावा भाग डोळा उघडा ठेवतो. आपल्याला दोन्ही वेळा 'टिक' असा एकच आवाज येतो, म्हणून फरक कळत नाही.

आता हिशेब करा. वाऱ्याने पानाचा शेंडा सेकंदाला २० सेंटिमीटर या वेगाने हलतो असे धरू. उन्हात, सेकंदाच्या हजाराव्या भागात तो ०.२ मिलिमीटर सरकेल. संध्याकाळी, विसाव्या भागात एक पूर्ण सेंटिमीटर सरकेल. फुलकिडा असतो सुमारे एक मिलिमीटर लांब. म्हणजे त्याच्या दहापट लांबीवर तो पुसला गेला. फोटोत तो असतो, पण दिसत नाही.

काही फोनांत हात हलला तर सावरून घेण्याची सोय असते. ती तुमचा हात सावरते. वाऱ्यावर हलणारे पान ती सावरू शकत नाही. रात्रीच्या फोटोची जी खास सोय असते, तीही अशा कामाला उपयोगी नाही. त्यात फोन एकामागून एक अनेक फोटो घेतो आणि एकत्र करतो. स्थिर घर, देऊळ छान येते. हलणाऱ्या वस्तूची मात्र दोन-दोन भुते दिसतात.

शिवाय कमी उजेडात चित्रावर दाणे येतात. ते दिसू नयेत म्हणून फोन चित्र गुळगुळीत करतो. माणसाच्या चेहऱ्यावर ते बरे दिसते, पण पानावरची भुरीची पहिली पावडर, कोळ्याचे बारीक जाळे, पानाची लव हे सगळे त्या इस्त्रीखाली जाते.

बारीक किती दिसते?

दुकानदार ५० मेगापिक्सेल, १०८ मेगापिक्सेल असे आकडे सांगतो. ते ऐकून भुलू नका. असे बहुतेक फोन शेजारशेजारचे ठिपके एकत्र करून नेहमीचा फोटो १२ मेगापिक्सेलच्या आसपासच साठवतात. म्हणजे आडवे साधारण ४,००० ठिपके आणि उभे ३,०००.

फोन पानापासून १० सेंटिमीटरवर धरला, तर चित्रात सुमारे १४ सेंटिमीटर रुंदीचा भाग येतो. म्हणजे एका मिलिमीटरला २८ ठिपके मिळाले. एवढ्यात फुलकिडा ओळखू येईल. तोच फोन हातभर लांब, ५० सेंटिमीटरवर धरला, तर मिलिमीटरला सहा ठिपकेही मिळत नाहीत. मग फुलकिडा म्हणजे नुसता एक डाग. आणि मिरचीवरचा कोळी तर मिलिमीटरचा पाचवा भाग. तो जवळूनही जेमतेम पाच-सहा ठिपक्यांचा, त्यातून काचेसारखा. नुसत्या फोनने तो दिसायचा नाही, हे पक्के समजा. त्याला दहापट मोठे दाखवणारे भिंगच हवे. तेच भिंग फोनच्या काचेसमोर टेकवून धरले, तर फोटोही निघतो. वांग्यावरचा, भेंडीवरचा लाल कोळी याच्या दुप्पट मोठा असतो. तो ठिपक्यासारखा तरी दिसतो.

मग अगदी चिकटून फोटो काढावा का? तेही नाही. डोळ्याला पुस्तक टेकवले तर अक्षर वाचता येत नाही, तसेच फोनचे आहे. बहुतेक फोनांना आठ-दहा सेंटिमीटरच्या आत स्पष्ट दिसत नाही, काही मोठ्या कॅमेऱ्यांच्या फोनांना तर पंधराच्याही आत नाही. तेव्हा आधी जवळ न्या, मग पान स्पष्ट होईपर्यंत हळूहळू मागे या. जिथे शिरा सुरेख दिसतील तिथे थांबा.

फोटो काढायची रीत

१) सर्वांत आधी फोनची काच स्वच्छ सुती कापडाने पुसा. पिठाचा, तेलाचा, मातीचा हात लागून ती धुरकट झालेली असते. निम्मे फोटो इथेच बिघडतात.

२) सकाळी ऊन चांगले वर आल्यावर, वारा पडलेला असताना फोटो काढा. संध्याकाळी अडचण दिसली तरी फोटोसाठी सकाळची वाट पाहा. एका रात्रीत पीक जात नाही, चुकीच्या फवाऱ्याने मात्र जाते.

३) फांदी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरा, किंवा घरातल्या मुलाला धरायला सांगा. वारा फार असेल तर वाऱ्याच्या बाजूने छत्री आडवी धरावी. पान तोडून काळ्या किंवा पांढऱ्या कागदावर ठेवले तर उत्तम.

४) फोनच्या पडद्यावर जिथे कीड दिसते तिथे बोट टेकवा, म्हणजे कॅमेरा तिथेच नजर लावतो. फोटो काढताना पडद्यावर जोरात बोट मारू नका, फोन हलतो. बहुतेक फोनांत आवाज कमी-जास्त करायच्या बटणानेही फोटो निघतो. एकाच्या जागी पाच-सात काढा आणि चांगला निवडा.

५) फुलकिडे, तुडतुडे पळतात. शेंडा किंवा फूल पांढऱ्या कागदावर हलकेच झटका. पडलेल्या किडी चालायला लागायच्या आत फोटो घ्या. शेजारी आगकाडी ठेवली तर आकार कळतो.

६) एकच फोटो पुरत नाही. पूर्ण रान, पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू आणि किडीचा जवळून, असे पाच पाठवा. तात्यांच्या मिरचीत कोळी दिसलाच नसता, पण झाडाचा एक स्वच्छ फोटो असता तर पालथी होडी आणि लांब देठ मला लगेच दिसले असते.

किडीचे कोणते अंग दाखवायचे हेही ठाऊक हवे. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली आपल्या देशात प्रथम सापडली. तिच्या डोक्यावर इंग्रजी 'वाय' अक्षर उलटे काढल्यासारखी पांढुरकी खूण असते, आणि शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके असतात. तेव्हा अळीचा फोटो वरून घ्या, डोके आणि शेपूट दोन्ही येऊ द्या. पोंग्यातल्या विष्ठेचा फोटो घेऊन मला सांगता येत नाही. कपाशीचे बोंडही बाहेरून फसवते. गुलाबी बोंडअळी पाहायची तर बोंड फोडूनच फोटो काढावा.

फोटो पाठवताना

एवढे करून काढलेला फोटो व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवला, तर वाटेत तो लहान केला जातो. ठिपके निम्म्याहून कमी उरतात. मग मिलिमीटरला २८ चे दहा-बारा झाले. म्हणून फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, त्यात तो आहे तसा जातो. २०२३ पासून 'एचडी' अशीही सोय आहे, तीही चालेल. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पाठवलेला फोटो माझ्याकडे नका पाठवू. मूळ फोटो हवा.

जनावर लंगडते तेव्हा

कीड बारीक, तर जनावर हलते. ते दुखणे उभ्या फोटोत येत नाही. घोडा पळताना त्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात की नाही, यावर पूर्वी जाणत्यांमध्येही वाद होता. १८७८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे लावून पळत्या घोड्याचे फोटो घेतले, तेव्हा चारही पाय सुटतात हे सिद्ध झाले. माणसाच्या डोळ्याला जे टिपता आले नव्हते ते कॅमेऱ्याने टिपले.

आज तेच काम तुमचा फोन करतो. साध्या चित्रफितीत सेकंदाला ३० चित्रे असतात. संथगतीच्या सोयीत बऱ्याच फोनांत १२० किंवा २४० असतात. गाय लंगडत असेल तर कठीण, सपाट जागेवर तिला सावकाश चालवा आणि बाजूने, पूर्ण गाय दिसेल अशी चित्रफीत घ्या. एकदा साध्या गतीने, एकदा संथगतीने. ती पाय टेकताना मान हलवते का, पाठ कमानीसारखी करते का, कोणत्या पायाचे पाऊल आखूड टाकते, हे डॉक्टरांना घरबसल्या दिसते. हे काम उन्हात करा. गोठ्यातल्या दिव्याखाली संथगतीत आडवे पट्टे येतात, कारण विजेचे काही दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होत असतात आणि कॅमेऱ्याला ते दिसते.

शेवटी एक सांगणे. फोटो कितीही चांगला निघाला तरी पान उलटून पाहायचा आळस करू नका. तात्यांच्या सूनबाईंकडे भिंग नव्हते, भारीतला फोनही नव्हता. त्यांनी पाने कोणत्या बाजूला वळलीत एवढेच नीट पाहिले आणि माझी चूक पकडली. नंतर पाण्यात मिसळणारे गंधक फवारले, नवा शेंडा सरळ फुटला आणि मागचे तोडे बरे निघाले. गेलेला पहिला तोडा काही परत आला नाही.

आता मी पुसट फोटोवर औषध सांगत नाही. "सकाळी पुन्हा काढून पाठवा" एवढेच उत्तर देतो. कुणाला राग येतो, येऊ द्या. आणि घरात शाळकरी मुले असतील तर हे काम त्यांच्याकडे सोपवा. त्यांचा हात स्थिर, नजर तीक्ष्ण. आठवड्यातून एक दिवस रानात एक चक्कर, पाच झाडे, प्रत्येकाचे एक पान उलटून एक फोटो. हंगामाच्या शेवटी तुमच्याच रानाची वही तयार होईल, आणि पुढच्या वर्षी कोणती कीड कधी आली ते शोधायला माझ्याकडे यावे लागणार नाही.