कोडच्या आधी कानडी
सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले रुजू झाले, तेव्हा इमारत पडकी होती आणि शेजारी गुरांचा गोठा होता. पुढे त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं आणि दहा लाख डॉलरमधला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकला. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र त्याआधीची गोष्ट मोठी वाटते. घरी कानडी बोलणाऱ्या मुलांना मराठी पुस्तक उमगत नाही, हे ओळखून गुरुजी स्वतः कानडी शिकले आणि पाठ मुलांच्या भाषेत आणले. कोड आला तो त्यानंतर. मागं पडलेलं मूल वर्गात दुसऱ्यांदा विचारायला लाजतं; कोड स्कॅन केल्यावर फोनवर लागणारी कविता मात्र ते दहा वेळा ऐकू शकतं, आणि कुणी हसत नाही. फक्त तो फोन घरात हवा. गावाकडं तो बहुधा बापाच्या खिशात असतो, बाप रानात असतो, आणि दिवेलागणीला फोन घरी येतो तेव्हा रिचार्ज संपलेला असतो. आता राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांवर ते काळे-पांढरे चौकोन छापलेले आहेत. एखादं पुस्तक हातात आलं की माझी नजर आधी त्या चौकोनाकडं जाते, आणि मग प्रश्न पडतो, या पोराच्या घरी बोलतात कोणती भाषा?