'सिलिकॉन व्हॅली' बघून राजीनामा लिहिणाऱ्या पोरांनो, दुसरा भाग परत बघा

माझा भाचा बाणेरच्या एका नव्या कंपनीत मुलाखतीला गेला. मालक म्हणाला, "'सिलिकॉन व्हॅली'चा पहिला सीझन बघून ये, म्हणजे आम्ही काय करतोय ते कळेल." पोराने एका रात्रीत आठही भाग संपवले आणि सकाळी मला फोन केला. "मामा, राजीनामा देतोय."

अरे बाबांनो, ती मालिका या लोकांची टर उडवायला काढलीय! २०१४ साली एचबीओवर आली. काढणारा माईक जज स्वतः तरुणपणी तिथल्या एका कंपनीत इंजिनिअर होता आणि काही महिन्यांतच वैतागून बाहेर पडला. स्पर्धेच्या मंचावर जो येतो तो "आम्ही जग अधिक चांगलं करतोय" म्हणतो, आणि करत काय असतो, तर कुठलंतरी फुटकळ ॲप. ज्यांच्यावर हा विनोद आहे, तेच आपल्याकडे तो प्रेरणा म्हणून वाटतायत.

सगळ्यांना आठवतो तो पहिला भाग. रिचर्ड १ कोटी डॉलर नाकारतो आणि ५ टक्क्यांच्या बदल्यात २ लाख डॉलर घेऊन स्वतःची कंपनी काढतो. टाळ्या! पण खरी गोष्ट दुसऱ्या भागात आहे. पैसे देणारा विचारतो, कंपनीत कोण काय करतो आणि कुणाचा किती हिस्सा? रिचर्डकडे उत्तरच नाही. मिळालेला चेक वटत नाही, कारण त्या नावाची कंपनी भलत्याच माणसाची आहे. घरात राहायला जागा दिली म्हणून अर्लिकचे १० टक्के पक्के. आणि रिचर्डचा जिवलग मित्र बिग हेड? त्याच्या वाट्याला शून्य.

लक्षात घ्या, रिचर्ड काही वाईट माणूस नाही. त्याला मित्राला काढायचं नव्हतं, तोंडावर सांगायची हिंमतही होत नव्हती. तरी कागद करायची वेळ आली तेव्हा मित्र बाहेर राहिलाच. दुष्ट मालकापासून माणूस सावध तरी असतो. आपण फसतो ते चांगल्या मालकाच्या शब्दावर.

हे मी ऐकीव सांगत नाही. पुण्यातल्याच एका कंपनीत मी तीन वर्षं काढली. पगार बाजारभावापेक्षा कमी, शनिवार-रविवार कामावर. का, तर "अर्धा टक्का तुझा, आपण फॅमिली आहोत." कंपनी विकली गेली त्या दिवशी पेढे मिळाले. अर्ध्या टक्क्याचं विचारलं तर उत्तर आलं, "लिहिलंय का कुठे?" नव्हतंच लिहिलेलं. चूक माझीही होती. मागायची लाज वाटली होती. बिग हेडला निदान जुन्या कंपनीने भरघोस पगारावर परत ठेवून घेतलं आणि गच्चीवर नुसतं बसवून ठेवलं. ते नशीब मालिकेतलं. आपल्याला ईएमआय असतो.

कुणी म्हणेल, सगळे मालक तसे नसतात. मान्य. मग कागद द्यायला अडचण काय? आपल्याकडे कंपनी कायद्याचे नियम आहेत. कर्मचाऱ्यांना ईसॉप द्यायचा तर भागधारकांचा ठराव लागतो, आणि दिल्यापासून किमान एक वर्ष तरी तो हक्क पक्का होत नाही. म्हणजे चहाच्या टपरीवर "तुला देऊ रे" म्हटल्याने काहीही मिळत नाही. अकराव्या महिन्यात काढलं तरी हात रिकामेच.

म्हणून सही करायच्या आधी विचारा. एकूण शेअर किती आणि त्यातले माझे किती? ठराव झालाय का? मी सोडलं किंवा तुम्ही काढलंत तर काय? आणि संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर मी लिहिलेला कोड कुणाचा? उत्तरं लेखी घ्या. नुसती टक्केवारी ऐकून हुरळून जाऊ नका, नवे गुंतवणूकदार आले की ती कमी होते.

भाच्याने हेच प्रश्न मेल केले. मालकाचा फोन आला, "अरे, आपल्यात कागद कशाला?"

राजीनामा अजून ड्राफ्टमध्येच आहे. कागद आला तर पाठवेल, माझी काही हरकत नाही. तुमच्या घरात कुणी असा उत्साहात असेल, तर त्याला ही पोस्ट दाखवा. आणि दुसरा भाग त्याच्या शेजारी बसून बघा.