कर्ज आधी फेडावे की पैसा गाठीला ठेवावा?

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. बदलत्या दराने गृहकर्ज घेतलेल्या अनेकांचा हप्ता तोच राहिला, पण मुदत मात्र लांबली. साठीपर्यंत फिटेल असे वाटलेले कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेले. पुढे २०२५ मध्ये हाच दर टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आला. स्थिर दरवाल्यांना वाढीची झळ लागली नाही, तसा उताराचा लाभही मिळाला नाही. आता दोघांपुढेही प्रश्न एकच: बोनस किंवा मुदत संपलेल्या ठेवीचे पैसे कर्जात भरावेत की शिल्लक टाकावेत?

तीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के दर आणि वीस वर्षांची मुदत धरू. हप्ता सुमारे २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्यातले २१,२५० रुपये निव्वळ व्याजाचे! वर्षभराने दोन लाख जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर सुमारे ३४ हप्ते वाचतात आणि व्याज पावणेसात लाखांहून अधिक वाचते. हेच दोन लाख पंधरा वर्षांनी भरले तर वाचणारे व्याज लाखाच्याही आत येते. अर्थात, पहिला आकडा मोठा दिसतो तो काळामुळे. परतावा दोन्ही वेळी वर्षाला साडेआठ टक्केच.

म्हणून तुलना करावी ती दरांची, तीही कर वजा जाता. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाला सात टक्क्यांच्या ठेवीतून हाती पाच टक्केही उरत नाहीत. तिथे कर्ज फेडणेच फायद्याचे. मात्र जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. तिचा पूर्ण लाभ घेणाऱ्याला तेच कर्ज सहा टक्क्यांच्या आसपास पडते आणि करमुक्त भविष्य निर्वाह निधी तुल्यबळ ठरतो. नव्या प्रणालीत ही वजावट नाही. स्थिर दराच्या कर्जात मुदतपूर्व भरण्यावर शुल्क आहे का, हेही करारात पाहून घ्यावे.

पण या हिशेबात न येणारी एक बाब आहे. भिंतीत घातलेला पैसा अडीअडचणीला परत निघत नाही. नोकरी गेली किंवा घरात दुखणे आले, तर 'गेल्या वर्षी दोन लाख जादा भरले होते' म्हणून बँक पुढचा हप्ता माफ करीत नाही. मग गृहकर्जापेक्षा कितीतरी महाग असे वैयक्तिक कर्ज काढावे लागते आणि वाचवलेले व्याज तिथेच जाते.

तेव्हा क्रम असा असावा: आधी क्रेडिट कार्डाची थकबाकी, मग सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते निघतील एवढी हाताशी रक्कम, आरोग्य विमा आणि त्यानंतर कर्जफेड. व्याजदर उतरला असेल तर हप्ता कमी करून न घेता जुनाच चालू ठेवावा. वेगळे पैसे न काढता मुदत आपोआप घटते. कर्ज म्हणजे डोक्यावरचा भार, ही आपल्याकडची जुनी भावना खोटी नाही. पण तो उतरवण्याच्या घाईत घरातली शेवटची पुंजी बँकेत नेऊन भरणे शहाणपणाचे नव्हे.