मानमोडीची लस आणि आपला सहकार



बेण्याला प्रक्रिया केल्याशिवाय आपण ऊस लावीत नाही, बैलाची घटसर्पाची लस चुकवीत नाही. पण दारच्या कोंबडीकडे कोणाचे लक्ष आहे? उसाचे बिल बँकेत घरधन्याच्या खात्यावर पडते. अंड्यांचे पैसे मात्र घरच्या बाईच्या हातात राहतात, मीठ-मिरची अन् पोरांच्या वह्या त्यावर निघतात. मानमोडी आली की आठवड्यात डालं रिकामं. मग "रोगच आला, काय करता" म्हणून आपण गप्प बसतो. हे आम्हास मान्य नाही.

सगळीच दुखणी अशी नसतात. कवच पातळ पडू लागले तर शिंपल्यांचा चुरा द्यावा. अंगावर उवा-पिसवा झाल्या तर खुराड्याच्या फटी साफ करून चुना मारावा. पिल्लांना रक्ती हगवण लागली तर खालची जागा कोरडी ठेवावी व दवाखान्यातले औषध पाण्यातून वेळेत पाजावे. पिसे झडताना अंडी थांबतात, तो तर रोगच नव्हे.

मानमोडीचे तसे नाही. हिरवट हगवण, चोच उघडी टाकून श्वास, लुळे पाय, पिळवटलेली मान, एवढे दिसले की वेळ गेली. विषाणूच्या या रोगावर औषध नाही. दुकानातून आणलेल्या गोळ्यांचे पैसे पाण्यात. उपाय लसीचाच. पिल्लू ५ ते ७ दिवसांचे असताना लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-२-बी पंखाखाली टोचून.

मग लोक का टोचत नाहीत? बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची. ती बर्फात आणायची, विरघळवली की तास-दोन तासांत संपवायची. पाच कोंबड्यांच्या मालकिणीने एकटीने कशी आणावी? गल्लीने मिळून आणली तर खर्च नावापुरता. कारखाना उभा करणाऱ्यांना हे जड जावे काय? चिटबॉय उसाच्या नोंदीला येतोच, त्याने कोंबड्यांचा आकडाही लिहून घ्यावा अन् गट ऑफिसने पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून दिवस ठरवावा, अशी आमची सूचना आहे.

हे काम बॉयलर पेटण्यापूर्वी व्हावे. तोडणीच्या टोळ्यांबरोबर त्यांच्या कोंबड्याही येतात. "रोग त्यांनीच आणला" असे गावात बोलतात, ते आम्हास पटत नाही. बिनलशीची कोंबडी आपल्याही दारात आहे. कोप्यांवरच्या कोंबड्यांना त्या आल्या-आल्या गावाच्याच खर्चाने लस द्यावी.

आणखी एक. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या मेल्या, तो बर्ड फ्लू निघाला. मानमोडी की बर्ड फ्लू, हे नुसते पाहून डॉक्टरलाही सांगता येत नाही, तपासणीच लागते. म्हणून दोन-चार कोंबड्या एकदम दगावल्या तर उरलेल्या घाईने बाजारात नेऊ नका, मेलेल्या ओढ्यात फेकू नका, उघड्या हाताने उचलू नका. त्याच दिवशी दवाखान्यात कळवा.