अठरा सेकंदांचा नफा

रस्ता सुधारला की वस्ती सुधारली, अशी आपली एक समजूत आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीचा रस्ता काँक्रीटचा झाला, तेव्हा आम्हीही पेढे वाटले होते. पूर्वी खड्डे होते, आणि खड्ड्यांच्या धाकाने वाहने जपून जात. खड्डे गेले, त्यांच्याबरोबर धाकही गेला. आता सकाळ-संध्याकाळ कॉलेजच्या वेळेला दुचाक्या अशा सुसाट सुटतात की दारात रांगोळी घालणाऱ्या बाईने आधी दोन्हीकडे पाहावे आणि मगच ठिपके मोजावेत!

गेल्या उन्हाळ्यात दूध घेऊन परतणाऱ्या अज्जींना एका मोटारसायकलीचा धक्का बसला. जीव वाचला, खुब्याचे हाड मोडले. रोज पहाटे देवळात जाणाऱ्या अज्जी आता पलंगावरून खिडकीपर्यंत येतात, तेवढेच. त्यानंतर गल्लीतली मंडळी एकत्र जमली आणि एक अर्ज तयार झाला. मागणी साधी आहे. या गल्लीतून कोणतेही वाहन ताशी तीस किलोमीटरपेक्षा वेगाने जाऊच शकणार नाही, अशी रस्त्याची रचना करून द्यावी.

या अर्जाची आपल्या कँटीनमध्ये थट्टा झालेली मी ऐकली आहे. "यांना रस्ता नको, अंगण हवे आहे," असे एक मित्र म्हणाले. थट्टेतला हा शब्द मला फार योग्य वाटला. त्याच्याकडे मी पुढे येतो. त्याआधी जमाखर्च मांडू. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला दुसरे काय येते?

आमची गल्ली पावलांनी मोजली तर साधारण ३०० मीटर भरते. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने ती १८ सेकंदांत संपते आणि ३० च्या वेगाने ३६ सेकंदांत. म्हणजे भरधाव जाणाऱ्याचा निव्वळ नफा अठरा सेकंद. तेवढ्यात चहाचा कपही निवत नाही. आता नावेची बाजू पाहा. समोर मूल आले हे ध्यानात येऊन ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर ३० च्या वेगाने गाडी तेवढ्यात आठ मीटर पुढे जाते, ६० च्या वेगाने सोळा मीटरांहून अधिक. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते; हे शाळेत आपण सर्वांनीच घोकलेले आहे. आणि या वहीतला सर्वांत मोठा घोटाळा असा की नफा एकाच्या खाती जमा होतो आणि तोटा दुसऱ्याच्या खाती लिहिला जातो. अठरा सेकंद त्या मोटारसायकलवाल्याचे, हाड अज्जींचे. असा हिशेब कोणत्या लेखापालाने मंजूर केला असता?

देशाचा हिशेब याहून भयंकर आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, आणि शंभरातले चव्वेचाळीस दुचाकीवरचे. ज्या अपघातांत हे मृत्यू झाले, त्यांतल्या बहुसंख्य अपघातांचे कारण म्हणून अतिवेगाचीच नोंद आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ म्हाताऱ्या-कोताऱ्यांचा आहे असे समजण्याचे कारण नाही.

आता एक आक्षेप मात्र खरा आहे, तो मान्य केला पाहिजे. स्पीडब्रेकर या नावाने आपल्याकडे जे काही घातले जाते, ते बहुधा पाप असते. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी कोणीतरी उरलेल्या काँक्रीटचा हातभर रुंद बांध रस्त्यावर आडवा ओततो. ना पांढरे पट्टे, ना आधी फलक. सायकलवाल्याचे आणि रिक्षातल्या गरोदर बाईचे कंबरडे त्याने मोडते, आणि भरधाव गाडीला उलट तो कमी जाणवतो. अशा बांधाचा आग्रह आम्ही धरलेला नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच याचे माप ठरवून दिले आहे. उंटवटा ३.७ मीटर रुंद, मध्यभागी फक्त १० सेंटीमीटर उंच, आणि त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. ताशी २५ किलोमीटरने गेलात तर तो पाळण्यासारखा वर घेतो आणि खाली सोडतो. त्याहून जोरात गेलात तर मात्र हाडे खिळखिळी करतो. चांगल्या मास्तरांसारखाच म्हणा ना! पोलीस प्रत्येक गल्लीत चोवीस तास उभा राहू शकत नाही, हा राहतो.

आणि उंचवटा हा एकच उपाय थोडाच आहे? आमच्या गल्लीत दर वर्षी अकरा दिवस एक प्रयोग आपोआप होतो, पण त्याच्याकडे प्रयोग म्हणून कोणी पाहत नाही. गणपतीचा मांडव पडला की रस्ता निम्मा होतो. कमान येते, बांबू येतात, पोरे मधेच खेळतात. वाहने त्या दिवसांतही जातात, पण चालत्या माणसाच्या वेगाने. त्या अकरा दिवसांत कॉलेजला उशीर झाला म्हणून कोणाचे वर्ष वाया गेल्याचे मी ऐकलेले नाही. मांडवाने जे होते तेच दोन झाडे, एक वळण आणि तोंडाशी थोडा चिंचोळा केलेला रस्ता यांनी बारा महिने होऊ शकते.

हॉलंडमध्ये नेमके हेच झाले. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून अधिक लोक मेले, त्यांत चारशेवर मुले होती. स्वतःची मुलगी अशा अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिला, 'बालहत्या थांबवा' अशा अर्थाचा त्याचा मथळा होता, आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप आणि मुले रस्त्यावर बसली, गल्ल्या अडवल्या. डेल्फ्ट गावात तर त्याआधीच काही गल्ल्यांतून झाडे, बाके, वळणे घालून मोटारींना पाहुण्यासारखे वागायला लावले होते. १९७६ साली सरकारने या पद्धतीला कायद्यात जागा दिली. तिचे नाव 'वूनएर्फ'. मराठीत सांगायचे तर राहते अंगण. आमच्या कँटीनमधल्या मित्राने थट्टेत जे म्हटले, ते डच लोकांनी कायद्यात लिहून ठेवले आहे. आज तेथे वर्षाला रस्त्यावर मरणाऱ्यांची संख्या आठशेच्या आत आहे. हे सारे एकट्या वूनएर्फने झाले नाही हे खरे, पण सुरुवात गल्लीतून झाली, हेही तितकेच खरे.

आमच्या अर्जाचे काय झाले म्हणाल, तर तो अजून फिरतो आहे. एका कचेरीने सांगितले, रस्ता आमचा पण वाहतूक त्यांची. दुसरीने सांगितले, वाहतूक आमची पण रस्ता त्यांचा. असो. या फिरण्यातून एक गोष्ट मात्र चांगली झाली. अर्ज दोन्ही भाषांत हवा होता. मराठी मसुदा मी लिहिला, कन्नड मसुदा शेजारच्या निवृत्त मेष्ट्रूंनी तपासला. एरवी फलक कोणत्या भाषेत असावा यावरून आपल्या गावात काय काय झाले आहे ते सर्वांना ठाऊक आहे. या अर्जावर दोन्ही भाषांतल्या सह्या एकाखाली एक आहेत आणि कोणी मोजलेल्या नाहीत. मसुद्यात 'सावकाश' या शब्दाला मेष्ट्रूंनी 'निधान' लिहिले, तेव्हा मला हसू आले. मराठीत निधान म्हणजे ठेवा, खजिना. त्यांना ते सांगितले तर म्हणाले, "मग दोन्हीकडे हाच शब्द ठेव की!"

आता थोडे आपल्याविषयी. आमच्या गल्लीतून भरधाव जाणारी मंडळी परगावची नाहीत. मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवून पहिला तास गाठणारे आपल्याच कॉलेजचे विद्यार्थी त्यांत सर्वांत जास्त आहेत, आणि, प्राध्यापकांची क्षमा मागून सांगतो, एक-दोन स्कूटरही मला ओळखता येतात. म्हणूनच रहिवाशांच्या सह्यांपेक्षा या रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या सह्यांचे वजन मला जास्त वाटते. "आम्हालाच हळू जायला लावा" असे जाणारेच म्हणू लागले, तर त्या दोन कचेऱ्यांना काय उत्तर सुचते ते पाहायचे आहे. अर्जाला त्यासाठी एक कोरा कागद जोडला आहे. तो रोज माझ्या वहीत असतो, आणि दुसऱ्या तासानंतर मी वाणिज्य विभागाच्या जिन्याखाली उभा असतो. सही कन्नडमध्ये केलीत तरी चालेल, मराठीत केलीत तरी चालेल.