जयंतीचा हिशेब आणि थर्माकोलचे विमान



चौदा एप्रिल होऊन गेली की वस्तीवस्तीत दोन हिशेब सुरू होतात. एक जयंती मंडळाचा. वर्गणी किती जमली, मंडपाला किती गेले, डॉल्बीवाल्याचे किती देणे राहिले. दुसरा घराघरांतल्या आईबापांचा. परीक्षा देऊन मोकळे झालेले पोर आता दोन महिने करणार काय? हे दोन्ही हिशेब एकाच पानावर मांडावेत असे आम्हांला यंदा वाटते. निमित्त आहे एका खेळण्याचे. विजेच्या मोटारीवर उडणारे, हातातल्या रिमोटने चालणारे छोटे विमान हे ते खेळणे.

आमच्या शिवाजी पेठेतल्या पोरांना फुटबॉल आणि तालीम शिकवावी लागत नाही, ते त्यांच्या रक्तातच असते. परंतु आपल्या समाजातली पाच-सहा मुले-मुली गेल्या वर्षापासून टीव्हीच्या खोक्यातले थर्माकोल, बांबूच्या कामट्या आणि खाकी टेप गोळा करून विमाने बनवू लागली, तेव्हा मोठ्या माणसांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काका, हे पैसेवाल्यांचे नाद. आपल्या पोरांनी बँकेच्या परीक्षा द्याव्यात," असे आम्हांला ऐकवण्यात आले. ऐकवणारे आमचेच बांधव, तळमळीने बोलणारे. त्यांचे उत्तर देणे लागते.

त्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. यांतला एक मुलगा शहरातल्या एका सुट्टीच्या शिबिरात चौकशीला गेला होता. तिथे त्याला फी सांगण्याआधी वडील काय करतात, राहता कुठे, हे विचारले गेले. मग "हे तुला झेपायचे नाही" असे सांगून परत पाठवले. त्याने घरी येऊन कोणाला काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवसापासून थर्माकोल गोळा करू लागला. खेळ श्रीमंतांचा आहे, हे असे दारातच ठरवले जाते. ते आपणही घरात बसून ठरवू लागलो, तर त्या दारावरच्या माणसाचे काम आपणच केले असे होईल.

बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन सरकारला दिले. त्यात त्यांनी स्पष्ट मांडले, की केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या समाजाचे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे. त्यासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, सरकारी छापखाने व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागाही मागितल्या. स्वतः अर्थशास्त्र आणि कायद्यातले विद्वान असलेल्या माणसाने ही मागणी केली, हे ध्यानात घ्यावे. आपण मात्र बाबासाहेबांचा कोट आणि पुस्तक घेतले. कारखान्याची ती मागणी तेवढी विसरलो.

आता विमानाकडे येऊ. १८७८ साली अमेरिकेतल्या एका धर्मोपदेशकाने आपल्या दोन मुलांसाठी एक खेळणे आणले. बूच, बांबू, कागद आणि रबर एवढ्यावर ते हवेत उडे. ते मोडल्यावर मुलांनी स्वतः तसेच बनवून पाहिले. हीच मुले पुढे राइट बंधू झाली. कॉलेजची पदवी दोघांकडेही नव्हती, सायकली दुरुस्त करण्याचे व बनवण्याचे दुकान होते. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे पहिले उड्डाण १२ सेकंद टिकले आणि १२० फूट गेले. रिमोटवर चालणारे विजेचे छोटे विमान इंग्लंडात कर्नल टॅप्लिन यांनी ३० जून १९५७ रोजी उडवले. त्या काळच्या बॅटऱ्या इतक्या जड, की पुढे कित्येक वर्षे हा खेळ तेलाच्या इंजिनावरच चालला. हलक्या लिथियम बॅटऱ्या आणि ब्रश नसलेल्या मोटारी स्वस्त झाल्यावर तो आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आला.

आणि परदेशात कशाला जायचे? याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर सिनेमाचा कॅमेरा हाताने बनवला आणि त्यावर चित्रपट काढले. मेस्त्रीच्या घरातले हात होते ते. शिवाजी उद्यमनगरात आजही लेथवर उभ्या असलेल्या माणसाच्या बोटांत जे ज्ञान आहे, ते पुष्कळांच्या पदवीत नसते. कातडे कमावणारे, दोर वळणारे, टोपल्या विणणारे आपले वाडवडील कारागीरच होते. त्यांच्या हाताला जातीने कमीपणा दिला. त्या हाताला प्रतिष्ठा परत मिळवायची, तर ते काम मुलांना लाज म्हणून न दाखवता विद्या म्हणून दाखवले पाहिजे.

इथे कोणी म्हणेल, विमाने तर आपल्याकडे प्राचीन काळीच होती. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या विज्ञान परिषदेत असे भाषण झालेही. त्याच्या किती तरी आधी, १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांनी 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ तपासला होता. तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले, की परंपरेने आले म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. थर्माकोलचे विमान हीच शिकवण देते. ग्रंथात काहीही असो, तोल चुकला की ते नाक खाली घालून पडते. त्याला कोणाची जात कळत नाही आणि कोणाचा वशिलाही चालत नाही.

ते उडते कसे? आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, म्हणून आम्हांला हा वजनाचा जमाखर्च वाटतो. पंखाची लांबी १०० सेंटिमीटर, रुंदी २० सेंटिमीटर धरा. क्षेत्रफळ २००० चौरस सेंटिमीटर झाले. सगळे सामान मिळून वजन ७०० ग्रॅम, म्हणजे दर १०० चौरस सेंटिमीटरला ३५ ग्रॅम. एवढा भार शिकाऊ विमानाला चालतो. वजन वाढले की विमानाला जोरात उडावे लागते, जोरात उडले की शिकणाऱ्याला आवरत नाही. म्हणून डिंकाचा जादा थेंबसुद्धा खर्चाच्या बाजूला मांडायचा.

तोलाचे गणित याहून महत्त्वाचे. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीचा चौथा ते तिसरा हिस्सा मागे मोजायचा. आपल्या २० सेंटिमीटरच्या पंखात ही जागा ५ ते साडेसहा सेंटिमीटरवर येते. तिथे दोन्ही बाजूंना एकेक बोट लावून विमान उचलायचे. ते सरळ राहिले पाहिजे. नाक किंचित जड असले तर निभावते, शेपूट जड असेल तर विमान हाती राहत नाही. बॅटरी पुढेमागे सरकवून तोल साधतो. आमच्या गटात हे गणित नववीतली एक मुलगी करते. मुलगे आधी चिकटवतात आणि मग तिच्यापुढे विमान घेऊन उभे राहतात. तिच्या आईने एकदा विचारले, "हिला हे कोणी शिकवले?" शाळेतल्या त्रैराशिकाने शिकवले, दुसरे कोण!

सामान असे लागते. ब्रश नसलेली मोटार, तिचा वेग कमीजास्त करणारे सर्किट, शेपटीचे व पंखांचे पट्टे हलवणाऱ्या नऊ-नऊ ग्रॅमच्या सर्व्हो मोटारी, सिग्नल पकडणारा रिसीव्हर, रिमोट, बॅटरी आणि चार्जर. मोटारीवर १००० केव्ही लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे, तेही पंखा न लावता. ११.१ व्होल्टची, २२०० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी सरासरी १० अँपिअरने वापरली तर १३ मिनिटे पुरेल. पण ती पूर्ण रिकामी करायची नसते. वीस टक्के शिल्लक ठेवून दहा मिनिटांत विमान खाली आणायचे. सर्व्होपासून पट्ट्यापर्यंतच्या तारेला सायकलचा स्पोक चालतो. चिकटवायला फेविकॉल घ्यावा. फेविक्विकने साधे थर्माकोल विरघळते.

आता खर्च. हे सगळे सामान मिळून आठ-दहा हजारांच्या घरात जाते. एका रोजंदारीच्या घराला ते शक्य नाही, हे आम्ही जाणतो. पण विमान पडले तर मोडते ते थर्माकोल. मोटार, रिमोट आणि रिसीव्हर बहुधा शाबूत राहून पुढच्या विमानात बसतात. म्हणजे एक संच दहा मुलांना पुरतो. आमच्या गटाने असाच एक संच वर्गणीने घेतला आहे. एका घराला न परवडणारी वस्तू दहा घरांना परवडते. संघटन म्हणजे आणखी काय असते?

आईबापांनी धोकेही समजून घ्यावेत. या बॅटरीचा एकेक कप्पा भरल्यावर ४.२ व्होल्टचा होतो, तीनच्या खाली गेला की खराब होतो. फुगलेली किंवा टोचलेली बॅटरी पेट घेऊ शकते. आपली घरे दहा बाय दहाची, अंथरुण आणि गॅसची शेगडी एकाच खोलीत. तेव्हा बॅटरी फरशीवर, मातीच्या कुंडीत ठेवून, मोठे माणूस समोर असतानाच चार्ज करावी. रात्री लावून झोपू नये. फिरता पंखा बोट कापतो, म्हणून आधी रिमोट चालू करायचा आणि मग बॅटरी जोडायची. बंद करताना आधी बॅटरी, मग रिमोट.

आणि उडवायचे कुठे? पेटाळ्यावर किंवा गांधी मैदानात मुळीच नाही. तिथे माणसे असतात. शिवाय उजळाईवाडीचा विमानतळ पेठेपासून फार लांब नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे, मनाई नसलेल्या भागात, ४०० फुटांपर्यंत उडवता येते. सरकारच्या 'डिजिटल स्काय' संकेतस्थळावर नकाशा असतो, नियम बदलतही असतात. दर वेळी आधी पाहावे. आमची मुले ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून, नकाशा पाहून, ऊसतोड झालेल्या रानात सकाळी वारा पडलेला असताना जातात. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे दिसते, तिथे सगळे नवशिके फसतात. म्हणून आधी मोटार नसलेले, हाताने फेकायचे विमान बनवून तोल शिकावा, मगच रिमोट हाती घ्यावा.

"याने पोट भरेल काय?" हा प्रश्न रास्त आहे. विमान उडवले म्हणून नोकरी लागत नाही. परंतु ज्याला हे सर्किट आणि तोल कळतो, त्याला पुढची दारे दिसतात. दहावी उत्तीर्ण आणि १८ वर्षे पूर्ण झालेल्यास मान्यताप्राप्त संस्थेतून ड्रोनचालकाचे प्रमाणपत्र घेता येते. १५,००० महिला बचत गटांना शेतीफवारणीचे ड्रोन देण्याची केंद्राची योजना २०२३ साली मंजूर झाली. आपल्या बचत गटांतल्या भगिनींनी त्याची चौकशी केली आहे काय? एनसीसीच्या हवाई शाखेत मॉडेल विमाने शिकवली जातात, त्यांच्या स्पर्धाही होतात. आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलाखतीत स्वतः बनवलेली वस्तू दाखवणाऱ्या मुलाचा आवाज वेगळा असतो.

आता हिशेबाचे पान उघडू. याच कोल्हापुरात बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुल्यांच्या जोडीने बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला, तोही त्यांच्या हयातीत. या शहराला बाबासाहेबांचा मान कसा राखावा हे शिकवण्याची गरज नाही. जयंती थाटात झालीच पाहिजे, तो आपल्या अस्मितेचा दिवस आहे. आमचे म्हणणे एवढेच, की डॉल्बीची एक रात्र कमी केली तर तेवढ्यात विहाराच्या कोपऱ्यात एक मजबूत टेबल, एक दिवा, एक सोल्डरिंग गन आणि असा एक संच उभा राहू शकतो. शेजारी अग्निशामक नळकांडे आणि वहीत प्रत्येक वस्तूची नोंद. चावी मुलींच्या हाती द्यावी, म्हणजे त्यांना विचारून आत यावे लागेल.

येत्या बैठकीत हा ठराव मांडा. विरोध होईल, होऊ द्या. खर्चाचा कागद समोर ठेवून बोला. उद्यमनगरातला एखादा लेथवाला, वीज मंडळातला एखादा वायरमन, निवृत्त झालेला एखादा आयटीआयचा शिक्षक आपल्याच समाजात सापडेल. त्याला रविवारचे दोन तास मागा. विहारात वंदना संपल्यावर त्याच सतरंजीवर मुलांनी पंखाचे माप घ्यावे, याहून चांगला रविवार आम्हांला तरी सुचत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!